घर गेलं, कागदही गेले. मग दावा कशावर?

फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात युरोपीय मानवी हक्क न्यायालय आहे. युक्रेन आणि नेदरलँड्स यांनी रशियाविरुद्ध केलेल्या दाव्यांचा निकाल त्याने ९ जुलै २०२५ रोजी दिला. माणसं मारणं, छळ करणं यांच्या जोडीने घरं उद्ध्वस्त करणं, लुटणं आणि मालमत्ता बळकावणं यालाही रशिया जबाबदार ठरला. बातमी वाचून मनात येणारा प्रश्न साधा आहे. ज्याच्या घराची राख झाली, त्याने ते घर आपलं होतं हे दाखवायचं कशावरून? दस्तावेज तर त्याच घरातल्या कपाटात होता.

बडोद्याला हा प्रश्न परका नाही. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं. पाणी ओसरल्यावर घरवखरीच्या, म्हणजे घरातल्या सामानसुमानाच्या, मदतीसाठी विचारणा सुरू झाली: घर कुणाचं, राहत कोण होतं, काय काय गेलं. वेरा (घरपट्टी) बिल, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक हे सगळं ज्यांच्या घरी चिखलात गेलं, त्यांना हा पेच शिकवावा लागत नाही. स्ट्रासबर्गला हेच प्रश्न विचारतात. वर एक प्रश्न जास्त: हे नुकसान सरकारने केलं, हे कशावरून?

हे न्यायालय आहे कुणाचं?

जगाच्या एका भागातले देश मिळून मानवी हक्कांचा करार करतात. तो मोडला गेला तर माणसाला आपल्याच सरकारविरुद्ध दाद मागता यावी म्हणून सामाईक न्यायालय उभारतात. त्याला म्हणायचं प्रादेशिक मानवी हक्क न्यायालय. जगात अशी तीन आहेत. स्ट्रासबर्गचं १९५९ मध्ये स्थापन झालं, अमेरिका खंडाचं १९७९ मध्ये कोस्टा रिकाच्या सान होसे शहरात, आणि आफ्रिकेचं टांझानियातल्या अरुशाला आहे. आशियात एकही नाही. आपल्याकडे मालमत्तेचा हक्क ४४ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून काढून कलम ३००-अ मध्ये ठेवला. त्यामुळे आपली धाव अहमदाबादच्या उच्च न्यायालयापर्यंत, फार तर दिल्लीपर्यंत.

मग बडोद्याच्या माणसाने हे का वाचावं? कारण युरोपीय करार नागरिकत्व विचारत नाही. मुलगा जर्मनीत राहतो, सुनेच्या नावावर पोर्तुगालमध्ये फ्लॅट आहे, भाच्याचं लेस्टरला दुकान आहे: त्या देशाच्या अखत्यारीत असलेल्या प्रत्येकाला संरक्षण आहे, पासपोर्ट भारतीय असला तरी. मालमत्तेचं कलम मात्र मूळ करारात नाही. ते १९५२ च्या पहिल्या पुरवणी करारात आहे. ४६ सदस्य देशांपैकी स्वित्झर्लंड आणि मोनाको यांनी त्यावर सही केली, पण मान्यता दिली नाही. झुरिकच्या फ्लॅटसाठी हे कलम चालणार नाही.

दस्तावेज नावावर नसेल तर?

इथेच बहुतेकांचा पहिला गैरसमज होतो. न्यायालय ‘मालमत्ता’ हा शब्द स्वतःच्या अर्थाने वापरतं. त्या त्या देशाची नोंदवही काय म्हणते, एवढ्यावर ते थांबत नाही.

तुर्कस्तानातल्या बोयदाश गावाचं प्रकरण पाहा. १९९४ मध्ये गाव रिकामं करायला लावलं. सरकारचं म्हणणं होतं, यातल्या काहींच्या नावावर जमीनच नाही, मग मालमत्ता कसली? २००४ च्या निकालात न्यायालयाने ते मानलं नाही. ही माणसं वाडवडिलांच्या जागेवर घर बांधून किंवा वडिलांच्या घरात राहत होती. गायरानात जनावरं चारत होती, रानातलं लाकूड तोडून पोट भरत होती, आणि त्याला कधी कुणी हरकत घेतली नव्हती. हा सगळा आर्थिक आधार ‘मालमत्ता’ म्हणून धरला गेला. दांडिया बाजारातल्या एखाद्या जुन्या वाड्यात पाघडीवर तीन पिढ्या राहिलेल्या कुटुंबाला हा युक्तिवाद लगेच कळेल.

पण नुसती आशा म्हणजे मालमत्ता नव्हे. स्लोवाकियात १९५९ मध्ये एकाला शिक्षा होऊन त्याची सोन्या-चांदीची नाणी जप्त झाली. राजवट बदलल्यावर शिक्षा रद्द झाली आणि मुलाने नाणी परत मागितली. नव्या कायद्याची अट अशी की वस्तू सध्या कुठे आहे, हे मागणाऱ्याने दाखवावं. नाणी सरकारनेच नेली होती, तरी मुलाला ते दाखवता आलं नाही. २००४ मध्ये स्ट्रासबर्गच्या मोठ्या पीठाने त्याच्या विरोधात निकाल दिला: कायद्याची अट पुरी न झाल्याने त्याच्याकडे ‘मालमत्ता’ नव्हतीच. हा निकाल कठोर वाटतो, आणि आहेही.

भाडेकरूने लक्षात ठेवायची गोष्ट वेगळी. घराच्या भिंती मालकाच्या, पण आतली घरवखरी भाडेकरूची. शिवाय कराराच्या आठव्या कलमाखाली ‘निवासाचा’ आदर हा स्वतंत्र हक्क आहे. त्यासाठी मालकी लागत नाही, तिथे खरोखर राहत होतो एवढं दाखवावं लागतं. दावा लिहिताना ही दोन कलमं एकत्र कालवू नयेत, कारण एकाला मालकीचा पुरावा हवा आणि दुसऱ्याला राहण्याचा.

दोन खटले शेजारी ठेवून पाहा

इथे एकच पारिभाषिक शब्द लागेल: प्रथमदर्शनी पुरावा. म्हणजे समोरच्याने खोडून काढेपर्यंत खरा धरता येईल इतपत पुरावा. तो दाखवला की ओझं सरकारवर सरकतं.

पहिला खटला लाचिनचा. अझरबैजानच्या या जिल्ह्यातून मे १९९२ मध्ये आर्मेनियन फौजांच्या हल्ल्यामुळे लोक पळाले आणि मग कधीच परत जाऊ शकले नाहीत. सहा जणांनी आर्मेनियाविरुद्ध दावा केला. त्यांच्याकडे आपल्या अर्थाने खरेदीखत नव्हतंच, कारण सोव्हिएत काळात जमीन सरकारची असे आणि माणसाला वापराचा हक्क मिळे. त्यांच्याकडे होता ‘टेक्निकल पासपोर्ट’. नाव फसवं आहे. हा प्रवासाचा पासपोर्ट नव्हे, घराचा. त्यात घराचा नकाशा, मोजमापं आणि मालकाचं नाव असतं. आपल्या सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डाचा चुलतभाऊच म्हणा. आर्मेनियाने तो खोटा असल्याची शंका काढली. अर्जदारांच्या कथनात थोडी विसंगतीही होती. तरी १६ जून २०१५ च्या निकालात मोठ्या पीठाने तो प्रथमदर्शनी पुरावा मानला. पळून जाताना माणूस फाइली बांधून घेत नाही, हे न्यायालयाने समजून घेतलं. विस्थापितांच्या घरांविषयी संयुक्त राष्ट्रांत २००५ मध्ये तयार झालेल्या ‘पिन्हेरो तत्त्वां’चा आधारही त्याने घेतला.

दुसरा खटला पूर्व युक्रेनचा, २०१६ चा. तोफगोळ्यांनी घरं पडली असा तीन अर्जदारांचा दावा होता. घरं पडली नसतील असं कुणी म्हणत नव्हतं. पण पुरावा म्हणून मुख्यतः त्यांचे स्वतःचे पासपोर्ट जोडलेले होते, आणि हे मात्र प्रवासाचे. घराची मालकी नाही, नुकसानीचा फोटो नाही, आणि हे का नाही याचं स्पष्टीकरणही नाही. अर्ज दाखल करून घेण्याच्याच टप्प्यावर ते फेटाळले गेले.

हे दोन निकाल समोर ठेवले की न्यायालयाचा स्वभाव कळतो. कागद नाही, हे ते माफ करतं. कागद का नाही आणि तो मिळवायला काय खटपट केली, हे न सांगणं ते माफ करत नाही. म्हणून दाव्यात एक स्वतंत्र परिच्छेद याच गोष्टीचा हवा: कोणते कागद होते, कुठे ठेवले होते, कधी आणि कसे गेले, नक्कल मागायला कोणत्या कार्यालयाला कोणत्या तारखेला पत्र लिहिलं, उत्तर काय आलं. उत्तर आलंच नसेल तर पत्र पाठवल्याची पोस्टाची पावती जोडायची. नकार हाही पुरावा असतो.

काय काय चालतं?

मालकीपत्रं, जमीन आणि कराच्या नोंदींचे उतारे, स्थानिक कार्यालयाचे दाखले, नकाशे, फोटो, दुरुस्तीच्या पावत्या, त्या पत्त्यावर टपाल येत होतं याचा पुरावा, साक्षीदारांचे जबाब: हे सगळं न्यायालय विचारात घेतं. बडोद्याच्या भाषेत सांगायचं तर इंडेक्स-२, वेऱ्याची पावती, वीज कंपनी एमजीव्हीसीएलचं जुनं बिल, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि लग्नाच्या अल्बममधला दिवाणखान्याचा फोटो, सगळं एका गठ्ठ्यात. एकटा कागद लंगडा असतो. तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले तीन कागद एकच पत्ता आणि एकच नाव सांगू लागले की दावा उभा राहतो.

नावाचा घोळ मात्र आधी मिटवायला हवा. खरेदी आजोबांच्या नावावर, वीज वडिलांच्या, दावा नातवाचा, आणि तिन्हीकडे आडनावाची अक्षरं वेगळी. आपल्याकडे वारसाई नोंदवताना तलाठी पेढीनामा (वंशावळ) मागतो, तसा नात्याचा पुरावा इथेही लागतो. तो नसेल तर सरकारी वकिलाला पहिला मुद्दा आयता मिळतो.

शेजाऱ्यांच्या जबाबाबद्दल थोडं खोलात सांगायला हवं, कारण सर्वात जास्त वाया जाणारा पुरावा हाच. ‘अमुक यांचं घर होतं आणि ते पाडलं गेलं’ अशा एका ओळीच्या जबाबाला काही वजन नाही. साक्षीदार किती अंतरावर राहत होता, किती वर्षं ओळखतो, घर किती खोल्यांचं, छप्पर पत्र्याचं की स्लॅबचं, गोठ्यात किती जनावरं होती, कोणत्या दिवशी त्याने स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलं आणि काय फक्त ऐकलं, हे त्याच्याच शब्दांत हवं. दहा शेजाऱ्यांनी सही केलेला एकच छापील मजकूर एका चांगल्या जबाबापेक्षा कमकुवत असतो.

न्यायालय स्वतः जाऊन का पाहत नाही?

क्वचित जातं. बहुतेक काम कागदावरच चालतं. पण त्याच्याकडे दोन हत्यारं आहेत. एक म्हणजे उपग्रहाची छायाचित्रं: अझरबैजानमध्ये युद्धरेषेवर असलेल्या गुलिस्तान गावाच्या खटल्यात कुणाला आत जाता येत नव्हतं, तेव्हा अशा चित्रांवरून घरांची अवस्था तपासली गेली. दुसरं म्हणजे सरकारचं मौन. जी माहिती फक्त सरकारकडेच असू शकते, म्हणजे लष्कराच्या हालचाली, पाडकामाचे आदेश, ती सबळ कारणाशिवाय दिली नाही तर न्यायालय त्यातून सरकारविरुद्ध निष्कर्ष काढू शकतं. म्हणून अर्जदाराने सरकारकडे नेमकी कोणती फाइल असणार, हे नाव घेऊन लिहावं.

आकडा कुठून काढायचा?

हक्क सिद्ध झाला म्हणजे रक्कम सिद्ध झाली, असं मुळीच नाही. कराराच्या ४१ व्या कलमाखालची ‘न्याय्य भरपाई’ ही वेगळी पायरी आहे, आणि लोक इथेच जास्त घसरतात.

आधी ठरवायचं की गेलं काय. सायप्रसमधल्या लोइझिदू विरुद्ध तुर्कस्तान खटल्याइतकं हे कुठेच स्पष्ट होत नाही. अर्जदार बाईंची जमीन उत्तर सायप्रसमधल्या किरेनियाला होती आणि १९७४ मध्ये तुर्कस्तानच्या सैन्याने तो भाग ताब्यात घेतल्यापासून त्यांना तिथे पाऊल ठेवता येत नव्हतं. न्यायालयाने म्हटलं, जमीन अजूनही तुमचीच आहे. मग किंमत मागता येत नाही. वापर गेला त्याचं मोल, म्हणजे भाडं मागता येतं. त्यांच्या तज्ज्ञाने जमिनीचा भाव दर वर्षी ठरावीक टक्क्याने वाढला असता असं धरून हिशोब मांडला आणि ६,२१,९०० सायप्रस पौंड मागितले. न्यायालयाने १९९८ मध्ये ३,००,००० दिले, मनस्तापाचे २०,००० वेगळे. अंदाजावर अंदाज रचला की आकडा असा खाली येतो.

लाचिनच्या सहा जणांचं आणखी वाईट झालं. हक्क मान्य झाला, पण घरांची किंमत, मिळकतीचं नुकसान, घरवखरी यांचे आकडे पक्के करता येईनात. २०१७ मध्ये प्रत्येकाला मिळाले ५,००० युरो, मालमत्ता आणि मनस्ताप सगळं धरून. हिशोब नेमका होऊ शकत नाही तेव्हा न्यायालय ‘न्यायबुद्धीने’ एक ठोक रक्कम ठरवतं, आणि ती ठोक रक्कम बहुधा अशीच निघते.

ही घसरण कमी करायची तर खोलीवार यादी करा. प्रत्येक वस्तूपुढे खरेदीचं वर्ष, तेव्हाची किंमत, वापरामुळे झालेली घट आणि आजचा आकडा. घराचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, आणि त्या काळात त्या भागात बांधकामाचा दर काय होता याचा स्वतंत्र मूल्यांकनकर्त्याचा अहवाल. अहवालात पद्धत हवी. नुसत्या आकड्याला कुणी विचारत नाही. विम्याचे किंवा सरकारी मदतीचे पैसे मिळाले असतील तर ते स्वतःहून वजा करा. ते दुसऱ्या बाजूने उघड केले तर बाकीच्या यादीवरचाही विश्वास उडतो. सोन्याबद्दल एक सल्ला: पावती किंवा फोटो नसेल तर तोळ्यांचा आकडा फुगवू नका.

खेड्यातल्या नुकसानीला वेगळी नजर लागते. कोलंबियातल्या इतुआंगो भागातल्या हत्याकांडांच्या प्रकरणी सान होसेच्या न्यायालयाने २००६ मध्ये निकाल दिला. तिथे ८०० ते १,२०० गुरं पळवून नेली होती. गुरं हीच त्या कुटुंबांची कमाई आणि पोटापाण्याचा आधार होता, म्हणून हे नुकसान विशेष गंभीर मानलं गेलं. केनियातल्या माऊ जंगलातल्या ओगिएक समाजाकडे तर एकेकाचे सातबारे असण्याचा प्रश्नच नव्हता. अरुशाच्या न्यायालयाने २०२२ मध्ये संपूर्ण समाजाला मिळून ५,७८,५०,००० केनियन शिलिंग भौतिक नुकसानीपोटी आणि १०,००,००,००० शिलिंग मानसिक हानीपोटी द्यायला सांगितले, शिवाय जमिनीच्या सामूहिक मालकीची नोंद करून द्यायलाही.

अर्ज कुठे अडतो?

स्ट्रासबर्गला कोर्ट फी नाही, आणि अर्ज करताना वकीलही सक्तीचा नाही. पण फॉर्म अपुरा असेल तर तो नोंदवलाच जात नाही आणि मुदत थांबत नाही. मुदत आहे देशातल्या शेवटच्या निकालापासून ४ महिने. १ फेब्रुवारी २०२२ पूर्वी ती ६ होती, आणि जुन्या माहितीवर विसंबून अजूनही माणसं उशीर करतात. सही केलेला मूळ फॉर्म टपालाने पाठवायचा, पण सोबतच्या कागदांच्या फक्त प्रती. मूळ कागद पाठवले तर ते परत मिळत नाहीत.

सर्वात महागडी चूक वेगळीच आहे. अर्जदार पहिल्या फॉर्ममध्ये रक्कम लिहितो आणि काम झालं समजतो. नियम ६० सांगतो की भरपाईची मागणी, बाबवार आणि पुराव्यांसह, नंतर ठरवून दिलेल्या मुदतीत स्वतंत्रपणे करायची. सरकारचं उत्तर आल्यावर अर्जदाराला आपलं म्हणणं मांडायला सांगतात, तेव्हा. त्या वेळी मागितलं नाही तर खटला जिंकूनही हातात शून्य येऊ शकतं.

आधी देशातलं न्यायालय गाठायलाच हवं का?

बहुधा हो. घर जाळणाऱ्याच सरकारच्या कोर्टात जायचं, ही हरकत रास्त आहे, आणि न्यायालयाने ती ऐकलीही आहे. १९९६ मध्ये तुर्कस्तानातल्या जाळलेल्या घरांच्या खटल्यात, तिथल्या परिस्थितीत देशातला उपाय केवळ नावापुरता होता हे पाहून, ती अट सोडून दिली. पण तुर्कस्तानने २००४ मध्ये भरपाईचा कायदा केल्यावर २००६ मध्ये तेच न्यायालय म्हणालं, आता आधी तिथे जा. उत्तर सायप्रसच्या मालमत्तांबाबत २०१० मध्ये तसंच झालं. म्हणजे १९९६ चा निकाल वाचून आज थेट स्ट्रासबर्ग गाठायला निघालेला माणूस दारातूनच परत येतो.

निकाल लागला तरी पैसे लगेच येतील असंही नाही. साधारण ३ महिन्यांची मुदत असते, नंतर व्याज चढतं. लोइझिदू खटल्यातली रक्कम १९९८ मध्ये ठरली आणि तुर्कस्तानने ती दिली डिसेंबर २००३ मध्ये.

मग युगांडाचं काय?

गुजरातमध्ये हा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. दुकानं, घरं, कारखाने मागे राहिले. तेव्हा आफ्रिकेत असं न्यायालय नव्हतं. मालमत्तेचा हक्क देणारी आफ्रिकी सनद १९८१ ची आहे, ती १९८६ मध्ये अमलात आली, आणि न्यायालयाचा करार २००४ मध्ये. करार लागू होण्याआधीच्या घटना अशी न्यायालयं पाहत नाहीत. ‘अन्याय अजून चालूच आहे’ असं दाखवता आलं तर अपवाद होतो. जमिनीचा ताबा १९७४ मध्येच गेलेला असूनही लोइझिदू खटला त्याच वाटेने टिकला होता. पण एकाच दिवशी झालेली जप्ती ही सहसा त्या दिवशी संपलेली घटना धरली जाते. शिवाय व्यक्तींना थेट अरुशाला जाऊ देणारं घोषणापत्र युगांडाने दिलेलंच नाही. जो रस्ता निघाला तो युगांडाच्याच १९८२ च्या कायद्याने: जुन्या मालकांनी आपल्या मिळकती परत मागण्यासाठी अर्ज करायचे. ट्रंकेच्या तळाशी कंपालाच्या मिळकतीचे कागद असतील, तर ते त्या कायद्याच्या फाइलीत उपयोगी पडायचे. अरुशाला किंवा स्ट्रासबर्गला त्यांना खिडकी नाही.